डॅशबोर्डमागचा नववा बोल्ट

बायको गेल्यानंतर जवळजवळ वर्षभर मी तिच्या गाडीवरचं कापड काढलं नाही. गाडी तिचीच होती. मी फक्त शेजारी बसायचो, आणि वर्षातून एक दिवस टॉर्च धरायचो.

दोनच माणसांची, उघड्या टपाची, बसकी विलायती गाडी. मंचरला तिच्या वडिलांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. पुण्याहून नाशिककडे निघालेल्या कुणा हौशी माणसाची ही गाडी वायरिंग जळून दुकानापाशीच बंद पडली. दुरुस्तीला महिने लागतील म्हटल्यावर तो कंटाळला आणि तिच्या वडिलांनाच ती देऊन मोकळा झाला. ती तेव्हा शाळेत होती. शाळा सुटली की दप्तर काउंटरखाली टाकून ती वडिलांबरोबर त्या गाडीच्या पोटात शिरायची. पुढं वडील गेले, दुकान धाकट्या भावाकडं आलं, आणि तुला काय हवं म्हणून त्यानं विचारलं तेव्हा तिनं एवढी गाडी मागितली.

मी जुन्नरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. घर डिंगोऱ्यात. पदर कमरेला खोचून तिनं ती गाडी पहिल्यांदा गावात आणली तेव्हा पारावरच्या लोकांनी मला विचारलं होतं, बाई चालवती, मग तुमी काय करता? उत्तर तिनंच दिलं.

"ते वजनाला हायेत. न्हाईतर गाडी उडती."

त्याच आठवड्यात तिनं मला गाडीतल्या विजेची गोष्ट समजावून सांगितली. घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात, गाडीतल्या दिव्याला एकच पुरते. बॅटरीतून वीज तारेनं दिव्यापर्यंत जाते आणि माघारी येते ती गाडीच्या पत्र्यातून. त्यासाठी दिव्याची एक छोटी काळी तार पत्र्याला बोल्टनं आवळलेली असते. दुकानात त्या जागेला अर्थिंग म्हणतात. तिथं उघडं, स्वच्छ लोखंड लागतं. गंज धरला, माती बसली की विजेची परतीची वाट अडते. मग ती दुसऱ्याच कुठल्या दिव्यातून वाट काढते. डावीकडं वळायचा इंडिकेटर लावला की भलताच दिवा मिणमिणायला लागतो.

"वीज येडी नसती," ती म्हणायची. "तिला घरी जायचंच असतं. रस्ता बंद केला तर शेजाऱ्याच्या परसातनं जाती."

आमच्या गाडीत अशा नऊ जागा होत्या. एक बॅटरीपाशी, एक इंजिनाला जोडणाऱ्या तारेच्या वेणीची, पुढच्या दोन दिव्यांच्या दोन, हॉर्नची एक, मागच्या दिव्यांच्या दोन, पेट्रोलच्या टाकीची एक. नववी डॅशबोर्डच्या मागं, आत खोल, जिथं सगळ्या काट्यांच्या आणि वायपरच्या काळ्या तारा एका बोल्टखाली येतात.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळेच आपली हत्यारं, अवजारं, गाड्या धुऊन पुजतात. पण तिच्या वडिलांच्या दुकानाची रीत वेगळी होती, आणि ती तिनं सासरी आणली. पूजेआधी प्रत्येक अर्थिंग उघडायचं. पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासायचं. व्हॅसलीनचा हात देऊन परत आवळायचं. आणि मग त्या बोल्टच्या डोक्यावर ओल्या कुंकवाचं एक बोट. न उघडलेल्या बोल्टला कुंकू लावायचं नाही. दुकानात एकदा कुणीतरी तसं केलं होतं, तर वडिलांनी त्याला दसऱ्याच्या जेवणाला पंगतीत बसू दिलं नाही. म्हणजे आमच्या गाडीत कुंकू दिसलं की समजायचं, या वर्षी इथं तिचा हात फिरला.

नववी जागा सगळ्यात अवघड. तिथं पोचायला सीटच्या पाठीवर पाय टाकून, डोकं खाली पेडलपाशी नेऊन उताणं झोपावं लागे. दोन्ही हात कामात गुंतायचे, म्हणून टॉर्च मी धरायचो. ती बाहेर आली की केसांत गंजाचे तुकडे असत. मग ओट्यावर ती चहा पीत बसायची आणि मी मागं बसून ते तुकडे एकेक करून वेचायचो. तिच्या केसांना हात लावायला मला एरवी कारण लागत नव्हतं, पण त्या दिवशी फार वेळ लागायचा आणि तिला घाई नसायची.

शेवटच्या खंडेनवमीला ती आजारी होती. हृदय दमलं होतं. तरी तिनं नेमानं गाडी केली आणि संध्याकाळी मला सांगितलं, नऊच्या नऊ झाले. त्यानंतरच्या माघात ती गेली.

पुढच्या दसऱ्याला वर्ष उलटलेलं नव्हतं, सण केला नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मला वाटायला लागलं की तिच्यासाठी काहीतरी करावं. माणसं करतात तसं, शाळेला पंखे देणं वगैरे. मी गाडीवरचं कापड काढलं. रंग पार उडाला होता. ती असताना मी एकदोनदा रंगाचं म्हटलं होतं, तर तिनं आतनं बरी हाय म्हणून सोडून दिलं होतं. मी नारायणगावचा एक पेंटर गाठला आणि त्याला बजावून सांगितलं की एकही जागा सुटता कामा नये.

त्या माणसानं मन लावून काम केलं. दिवे काढले, टाकी उतरवली, बॅटरीची पेटी मोकळी केली. पत्र्यावर जिथं जिथं लोखंड उघडं दिसलं तिथं तिथं त्याला ते काम अपुरं वाटलं असणार. त्यानं ते पुसून घेतलं, त्यावर अस्तर मारलं आणि वर रंगाचे तीन हात दिले. श्राद्धाच्या दिवशी मांडवाबाहेर गाडी उभी होती. लोक जेवून आले की तिच्याभोवती फिरायचे. तिच्या भावानंही रंगाचं कौतुक केलं. त्या दिवशी बॉनेट कुणी उघडलं नाही.

श्रावणात मी एकटाच भीमाशंकरला निघालो. दरवर्षी आम्ही जायचो. देवदर्शन व्हायचंच, पण तिला खरी ओढ तळेघरच्या एका बाईकडच्या नाचणीची असे. डिंभ्याच्या पुढं चढ लागला आणि भर दुपारी तीन वाजता धुक्यानं रस्ता पुसून गेला. मी हेडलाइट लावले. वायपर लावला, तर दिवे बारीक झाले. इंडिकेटर लावला, तर वायपर अडखळला. पेट्रोलचा काटा टिकटिक करत वरखाली व्हायला लागला. समोरून आलेली यात्रेकरूंची जीप माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हर खाली उतरला.

"पावणं, लाईट लावा की राव."

लावलेत, मी म्हटलं. त्यानं पुढं येऊन वाकून पाहिलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, ह्याच्यापेक्षा देवापुढचं निरांजन बरं, आणि स्वतः पुढं चालत मला त्या वळणातून बाहेर काढलं.

तळेघरला त्या बाईच्या पडवीत बसून मी मेव्हण्याला फोन केला. तो मंचरहून पिकअप घेऊन आला आणि गाडी टोचन करून डिंगोऱ्याला आणली. घरी चहा झाल्यावर त्यानं सांगितलं की गाडी तो दुकानात नेणार, आतलं सगळं जुनं वायरिंग उपटून काढणार आणि नवीन घालणार. मी म्हटलं, ते वायरिंग तिनं केलेलं आहे. जळलेली तार न् तार तिनं आणि वडिलांनी बदलली होती. प्रत्येक जोडावर काळी टेप गुंडाळून ती सुटू नये म्हणून वर फुलपुडीचा पांढरा दोरा बांधायची तिची सवय होती. ते सगळं भंगारात जाणार होतं.

त्यानं कप खाली ठेवला.

"ताईचं काम लई भारी व्हतं, दाजी. पण ताई न्हाई आता. तुमी तरी ऱ्हावा."

बिघाड अर्थिंगचा असणार, तो मी शोधतो म्हणालो आणि त्याच्याकडं खंडेनवमीपर्यंतची मुदत मागितली. ग्रंथपालानं अर्थिंग शोधायचं हे ऐकून त्याला हसू आलं असतं, पण त्याला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. त्यानं अट घातली. खंडेनवमीला तो येऊन नऊही जागा मीटर लावून तपासणार. एक जरी जागा वाईट निघाली तरी गाडी मंचरला जाणार. बोल्ट तसाच ठेवून बॅटरीपर्यंत वेगळी जोडतार टाकून वेळ मारून नेलेली चालणार नाही. मग त्यानं पिकअपमधून एक मीटर काढून माझ्या हातात दिला आणि तो कसा लावायचा ते दाखवलं.

पद्धत सोपी आहे. दिवा चालू ठेवायचा. मीटरची एक सुई बॅटरीच्या पत्र्याकडच्या टोकाला लावायची आणि दुसरी दिव्याच्या धातूच्या अंगाला. परतीची वाट स्वच्छ असेल तर मीटर शून्याच्या जवळ राहतो. वाट जेवढी अडलेली, तेवढा आकडा मोठा. डाव्या हेडलाइटला मला तीन व्होल्ट मिळाले.

कॉलेजातून निवृत्त होताना मी कोऱ्या सूचीकार्डांचा एक गठ्ठा घरी आणला होता. त्यांतली नऊ घेतली. वर जागेचं नाव, खाली आधी, नंतर, आणि कारण. तेवढीच पद्धत मला येत होती.

डाव्या हेडलाइटचा बोल्ट सोडवला. काळ्या तारेच्या कडीखाली रंग होता. नवा, गुळगुळीत, आरशासारखा. त्यात मला माझी बोटं दिसली.

मी तिथंच शेडमध्ये जमिनीवर बसलो. ती इतकी वर्षं पॉलिश पेपर घेऊन ज्या जागा उघड्या ठेवत आली, त्या मी श्राद्धाच्या निमित्तानं, तिच्या नावानं, सांगून सांगून बुजवून घेतल्या होत्या. बोल्टांवरचं कुंकूही गेलं होतं. गाडी रंगवून आली तेव्हा ते नसल्याचं माझ्या लक्षात आलं होतं, आणि गाडी स्वच्छ झाली असं मला वाटलं होतं.

मेव्हण्याला फोनवर सांगितलं. तो हसायला लागला. बहीण गेल्यापासून मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं.

"आवो दाजी, अर्थिंगला रंग दिला?"

मग मी रोज एक जागा धरली. रंग खरवडायचा, अस्तर खरवडायचं, लोखंड लागलं की पॉलिश पेपर, मग व्हॅसलीन, मग पाना. हात तिच्यासारखे चालत नव्हते. टाकीच्या बोल्टला दोन दिवस लागले. भाद्रपद संपत आला तोवर आठ कार्डं भरली होती. आठही कार्डांवर कारणापुढं एकच शब्द होता: रंग. हेडलाइट लख्ख पडायला लागले. हॉर्न दणकून वाजू लागला.

पण वायपर लावला की पेट्रोलचा काटा अजून उडत होता, आणि डॅशबोर्डचे छोटे दिवे मंद होत होते.

नववीकडं मी मुद्दाम शेवटपर्यंत गेलो नव्हतो. पेंटर तिथं पोचलेला नव्हता, डॅशबोर्ड त्यानं काढलाच नव्हता. म्हणजे ती एक जागा तिनं केली तशीच राहिलेली असणार होती. दाढीचा छोटा आरसा आत धरून टॉर्च मारला तर बोल्ट दिसला. त्यावर कुंकू होतं. दोन वर्षांत काळपट पडलेलं, वाळून तडकलेलं, पण होतं. त्यात तिच्या बोटाच्या बारीक रेषा उठलेल्या दिसत होत्या.

मीटर लावला. तीनच्याही वर.

मला वाटलं मीटर बिघडला. दुसऱ्या दिव्यावर लावून पाहिला, त्यानं शून्य दाखवलं. परत इथं लावला, परत तेच. चार दिवस मी शेडकडं गेलो नाही. बोल्टला पाना लावायचा म्हणजे ते कुंकू जाणार. बोल्टला हात न लावता डॅशबोर्डापासून बॅटरीपर्यंत एक वेगळी तार टाकली असती तर काटे चालले असते, पण मेव्हण्यानं ती तार पहिल्या नजरेत ओळखली असती. आणि तीही म्हणायची की जोडतारेनं बिघाड जात न्हाई, दिसायचा बंद होतो. शेवटी मी सीटच्या पाठीवर पाय टाकले आणि डोकं खाली नेलं.

टॉर्च धरायला कुणी नव्हतं. तो दातांत धरावा लागला. अशा वेळी तोंडातून शब्द निघत नाही.

पाना लावला. पहिल्याच नेटाला कुंकू सुटलं आणि भुकटी होऊन माझ्या गालावर, पापणीवर पडलं. बोल्ट हलला नाही. रॉकेल सोडून तासभर थांबलो, परत आत गेलो. दुसऱ्या खेपेला तो करकरत सुटला. कडीखाली गंजाचे पापुद्रे होते, थरावर थर. व्हॅसलीनचा अंशही नव्हता. पॉलिश पेपरचा एक ओरखडाही नव्हता. गंज खळाखळा माझ्या केसांत पडला.

दोन वर्षांत एवढा गंज धरू शकतो, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. कदाचित धरतही असेल. पण केसांत गंज पडला तेव्हाच मला कळलं होतं.

त्या शेवटच्या खंडेनवमीला मी ओट्यावर वाचत बसलो होतो. ती सकाळपासून स्टुलावर बसून सावकाश एकेक बोल्ट करत होती. दुपारी तिनं शेडमधून हाक मारली.

"अहो, जरा टॉर्च धरता का?"

मी म्हटलं, एवढं पान संपवतो.

पान संपवून मी गेलो तेव्हा ती सीटवर टेकून बसली होती, डोळे मिटून. उजव्या हाताचं बोट लाल होतं. झालं? मी विचारलं. झालं, नऊच्या नऊ, ती म्हणाली. संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना मी तिच्या केसांत हात घातला तर काही लागलं नाही. या वर्षी केस स्वच्छ आहेत म्हणून मी खूश झालो. तसं मी तिला बोलूनही दाखवलं. तिनं केसांवरून पदर ओढून घेतला.

त्या दिवसांत ती रात्री तीन उशा घेऊन झोपत असे. सपाट आडवं झालं की तिचा श्वास कोंडायचा. त्या तीन उशा रोज मीच लावून देत होतो. डोकं खाली करून ती त्या बोल्टपर्यंत जाऊच शकत नव्हती, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. ती सीटवर बसून, हात आत घालून, चाचपत जेमतेम कुंकू टेकवू शकली असेल. वडिलांची रीत तिनं आयुष्यात तेवढी एकदा मोडली. मला हाक मारली तेव्हा तिला काय मागायचं होतं ते मी नंतर खूपदा ठरवून पाहिलं. कदाचित ती म्हणणार होती की या वेळी तुम्ही आत जा, मी टॉर्च धरते. मी गेलो असतो. मला जमलं नसतं आणि ती हसली असती, पण मी गेलो असतो.

मी तो बोल्ट घासला. चमकेपर्यंत घासला, मग आणखी घासला. व्हॅसलीन लावून आवळला. मीटर लावला. शून्य. किल्ली फिरवून वायपर लावला तर पेट्रोलचा काटा जागचा हलला नाही. ओट्यावर येऊन चहा केला. केसांतला गंज तसाच राहू दिला. रात्री उशीवर तो टोचत होता.

खंडेनवमीला मेव्हणा सकाळीच आला. मी रीतीप्रमाणं नऊही बोल्टांना कुंकू लावून ठेवलं होतं. त्यानं माझ्या हातातून कार्डं घेतली, वाचली, आणि एकेक जागा तपासत गेला. आठ झाल्या. नवव्या जागेसाठी त्यानं सीटवर पाय टाकले, डोकं खाली नेलं. मी टॉर्च धरला. शून्य आलं. तो तसाच उलटा पडून बराच वेळ त्या बोल्टकडं पाहत राहिला.

हितं काय निघालं व्हतं, त्यानं खालूनच विचारलं. नवव्या कार्डावर कारण लिहिलेलं नव्हतं.

"रंगच," मी म्हटलं.

हितंपण पोचला पेंटर?

पोचला होता, मी म्हटलं. मीच सांगितलं होतं ना, एकही जागा सोडू नको म्हणून.

तो बाहेर आला. माझ्याकडं पाहिलं. केस झटकले. वायरिंगला हात लावायची गरज न्हाई, एवढंच म्हणाला, आणि बॉनेट मिटता मिटता पुटपुटला, ताईच्या हातचं अर्थिंग कधी बिघडायचंच न्हाई. मी हो म्हटलं.

तेव्हापासून मंचरकडचं कुठलंही लग्न असो, जेवणं झाली की तो गोष्ट काढतो. आमच्या दाजींनी पुस्तकं वाचून वाचून अर्थिंगला रंग दिला, आठ ठिकाणी न्हाई, चांगला नऊ ठिकाणी. सगळे हसतात. मीही हसतो. नऊचा आकडा मी दुरुस्त करत नाही.

आठ कार्डं गाडीच्या कप्प्यात आहेत. नववं कार्ड, कारण न लिहिलेलं, घरी कपाटात आहे. मी त्या दुपारी वाचत होतो ते पुस्तक तिथंच आहे, आणि कार्ड त्याच पानात घातलेलं आहे.